शक्यतो

भांडार विभागाची एकच खिडकी उघडते.
तिच्यातून जयंती नाल्याचा वास येतो
आणि समोर गेल्या वर्षीचे गमबूट दिसतात,
दोनशे चाळीस जोड, आठ आणि नऊ नंबर,
सर्वांत कमी दराचे.
दर सगळ्यांनी बघितला. पाय कुणी बघितला नाही.

मालन घस्तेचा पाय चार नंबरचा.
व्हीनस कॉर्नरला पुराचा गाळ काढताना
बूट गाळातच राहिला, पाय तेवढा वर आला.
उरलेला बूट तिनं माझ्या टेबलावर ठेवला:
‘बाई, ह्या एकातच माझी दोन्ही पावलं बसत्यात,
मग दुसरा कशाला इकत घेतासा?’

मी हसले नाही.
ती गेल्यावरही नाही.
हिरव्या शाईचा अधिकार मला नाही,
निळ्या पेनानं टिपणी लिहिली:
खरेदी धोरण, कलम सात, पोटकलम दोन,
‘खरेदी करावी’ या शब्दांआधी घालावे,
‘वापरणाऱ्याचे मोजमाप घेऊन’.
तीन शब्द. मान्यतेस्तव सविनय सादर.

लेखा विभागातून इंगवले साहेबांनी विचारलं,
मोजमापाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?
मी लिहिलं, पेन्सिल एक, भांडारात शिल्लक आहे,
नोंदवही पान तीनशे बारा.
मग विधी विभाग. तिथं फाईल उन्हाळाभर राहिली,
परत आली तेव्हा टिपणीवर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं.
तोच अभिप्राय समजून मी पुढं पाठवली.
मधे पुरवठादाराचा माणूस पेढे ठेवून गेला,
‘मॅडम, आठ नंबरात सगळे बसतात,
मोजे दोन घालायचे.’
बॉक्स दौलूमामांच्या हाती परत केला,
पोच घेतली, पोच फाईलला लावली.

स्थायी समितीत आमचा विषय एकोणतिसावा.
अठ्ठाविसाव्यावर दीड तास भांडण झालं,
एकोणतिसाव्यापर्यंत सगळ्यांना भूक लागली होती.
मंजूर.
ठराव टाईप होऊन आला
तेव्हा माझ्या तीन शब्दांआधी चौथा येऊन बसलेला:
शक्यतो.
कुणी बसवला, कुठंच सही नाही.
एवढासा शब्द,
पण त्यातून दोनशे चाळीस जोड पुन्हा आत येतात,
कुठंही न घासता.

दोन दिवस भांडले. शुद्धिपत्रक मागितलं.
विधीचे बेनाडीकर म्हणाले,
‘शक्यतो’ काढला तर उद्या कोर्टात आपणच अडकतो, बाई.
त्यांचंही चुकत नव्हतं.
त्यांच्या बुटांना नवी नाडी होती.

तिसऱ्या दिवशी धोरण पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत,
जिथवर कुणी जात नाही.
परिशिष्टातले नमुने विभागाने ठरवावेत, असं लिहिलंय.
मागणीपत्रात मी एक रकाना आखला: माप.
खाली बारीक अक्षरात, रिकामा असल्यास मागणी परत.
रकान्याला सही लागत नाही,
पट्टी लागते.

कसबा बावड्याच्या हजेरी शेडमध्ये,
पहाटे पावणेसहाला,
रद्द निविदांच्या कोऱ्या बाजूवर
एकेकीला उभं केलं.
शेवंता लाजली, ‘धुऊन येते, थांबा.’
कांता आवळेच्या डाव्या पायाला चार बोटं,
मी चारच काढली.
मालन खाली बघत म्हणाली,
‘लग्नात जोडव्यासाठी सोनारानं माप घेतलं हुतं,
त्यानंतर आज.’

बूट अजून आलेले नाहीत.
राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलंय,
देकार शुक्रवारी उघडायचेत.
लेखापरीक्षकांचा आक्षेप मात्र वेळेत आला:
पान एक्केचाळीस ते एकशे अठरा,
ही चित्रे कशाची? खुलासा करावा.

खुलासा लिहायला बसले आहे.
पान सत्तावन्नवर, चौथ्या बोटानंतर,
पेन्सिल जरा अडखळलेली दिसते.
तेवढं खोडून काढावं का,
ठरत नाही.